मोटारीत वारं शिरलं

कोंबड्यांना दाणे टाकून झाले आणि बनुबाई मोटारीत जाऊन बसली. बारसं माधवनगरला, तेही दिवस कलल्यावर. तिचा मुलगा ज्ञानू अजून न्हाणीत होता आणि मोटार चालू व्हायची होती. पण जागा धरून ठेवलेली बरी, असं तिचं म्हणणं. मोटारीत पुढे बसणारी ती एकटीच आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. बनुबाईला काही सांगायचं असेल तर ती चुलीत नाहीतर चहात गुंतलेली असतानाच सांगावं लागे, आणि आज तिने दोन्ही पहाटेच उरकलं होतं.

तिने आज हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं, खणाची चोळी घातली होती. नथ घासून अशी लखलखीत केली होती की कोंडीबा, म्हणजे तिचा नवरा, सकाळी दोनदा डोळे चोळून बघत होता. चढून झाल्यावर तिने पिशवी अडकवली, पदर सारखा केला, पाय वर घेतले आणि देव्हाऱ्यातल्या देवीसारखी बसली.

मोटार म्हणजे खरं तर ट्रक. लढाई संपल्यावर लष्कराचं जे भंगार लिलावात निघालं, त्यातून ज्ञानूने एका जोडीदाराबरोबर भागीत उचललेला. डिझेलवर चालणारा, चेपलेल्या नाकाचा, शेवाळी रंगाचा. पलटणीत असाच ट्रक हाणत ज्ञानू ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आला होता. तासगाव रस्त्याकडेच्या त्या वस्तीत मात्र चाकं असलेल्या आणि बैल नसलेल्या सगळ्याला मोटारच म्हणत.

आणि बनुबाईला मोटारच हवी होती. त्यालाही कारण होतं.

काही वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने, नानासोने, माधवनगरला गिरणीजवळ घर घेतलं. बनुबाई वास्तुशांतीला बैलगाडीने गेली. गाडी दारात उभी राहिली, आणि नेमका डाव्या बैलाने भावजयीच्या रांगोळीवर मोठा पो टाकला. सुलाबाई, म्हणजे ती भावजय, शेजारणींच्या देखत म्हणाली, "वन्सं, पुढच्या येळंला गाडी लांब सोडा. हितं मोटारी येत्यात."

बनुबाई पदर खोचून आत गेली. पंगतीत बसून आग्रहाच्या पोळ्याही तिने सोडल्या नाहीत. हात धुतले, पदराला पुसले आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "सुले, आता यीन ती मोटारीतनंच यीन. आन तुज्या दारात उतरंन."

तेव्हापासून माधवनगर बंद. भाऊच येऊन भेटून जाई. आणि आता इतक्या वर्षांनी नानासोच्या घरी पाळणा हलला होता. मुलगा. त्याच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या एकच. सुलाबाईने निरोप धाडला होता, तो निरोप्याने चाली लावून सांगितला: "वन्सं, मोटारीची वाट बगत बसू नका. बैलगाडीनं आलात तरी आत घिऊ. दिवस मावळंपतूर आला न्हाईत तर आमची चुलत नणंद हाय, ती नाव ठिवंल."

"चुलत नणंद!" बनुबाईने तो शब्द काल दिवसभर तोंडात घोळवला होता, कडू बदाम लागल्यासारखा.

ज्ञानू अंघोळ करून, केसांना तेल लावून आला. चालकाच्या जागेवर बसला, स्टार्टर दाबला.

घर्र. घर्र. घर्र.

"आली," बनुबाई म्हणाली.

"कुटं आली? नुसती खाकरतीया."

परत दाबलं. मोटार खाकरली, पण बोलली नाही. ज्ञानू खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत बघून मागे आला. "आई, जरा खाली उतरतीस का?"

"का? माज्या वजनानं बंद पडली व्हय?"

"तसं न्हवं गं."

"मग तुजं तू कर की. मी काय तुज्या हातावर बसलीया?"

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कोंडीबाने बैलांना पाणी दाखवलं, खरारा केला आणि हळूच त्यांच्या अंगावर झुली टाकल्या. पण त्या झुली बनुबाईला बरोबर दिसल्या.

"आवं, त्या झुली कशापायी?"

"ऊन लागतंय त्यास्नी," कोंडीबा म्हणाला. मार्गशीर्षातली सकाळ होती.

ज्ञानूने टाकीत काठी बुडवून बघितली. तेल होतं. बॅटरीच्या तारा हलवून बघितल्या. घट्ट होत्या. मग डोकं खाजवत तो म्हणाला, "नळीत येर शिरली असणार."

"येर म्हंजी काय रं?"

"वारं गं. तेलाच्या नळीत वारं शिरलं म्हंजी तेल फुडं सरकत न्हाई. वारं काढाय पायजे. जाफरमामूला बोलवतो."

तो विहिरीकडे पळाला. आणि हे बोलणं गडग्याच्या पलीकडे भांडी घासणाऱ्या हरणाबाईने ऐकलं. हरणाबाई साधीसुधी शेजारीण नव्हती. दर मंगळवारी तिच्या अंगात वारं यायचं, ती घुमायची, लोक तिला नारळ द्यायचे. वारं हा तिचा प्रांत. तो कुणी परस्पर मोटारीत नेलेला तिला कसा चालेल? हातातली परात तशीच टाकून ती निघाली, आणि जाताजाता पाणवठ्यावर एक वाक्य सोडून गेली. त्या वाक्याला पुढे पाय फुटले, आणि ज्ञानू परत यायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं की बनुबाईच्या मोटारीच्या अंगात वारं आलंय.

जाफर मिस्त्री विहिरीवरचं तेलाचं इंजिन चालवायचा. ठेंगणा, पोटाळ, दाढीला मेंदी लावलेला. आला तो सलाम-रामराम काही न करता बॉनेटमध्ये कमरेपर्यंत घुसला. ज्ञानू हत्यारांच्या पेटीसाठी मागच्या बाजूला गेला. एवढ्यात हरणाबाई हळद-कुंकवाचं ताट, लिंबू आणि धुपाटणं घेऊन अंगणात शिरली. मोटारीसमोर उभी राहिली, डोळे मिटले, केस मोकळे सोडले आणि खड्या आवाजात विचारलं:

"कोन हायस तू?"

बॉनेटमधून आवाज आला, "जाफर."

हरणाबाईचे डोळे उघडले. पण इतकी वर्षं घुमलेली बाई, ती काय अशी मागे हटते? तिने पुन्हा मिटले.

"कुटनं आलायास?"

"विहिरीवरनं."

"विहिरीवरनं!" मागे जमलेल्या बायका कुजबुजल्या. विहिरीवरचं म्हटल्यावर दोघींनी पोरं उचलून कडेवर घेतली.

"काय पायजेल तुला? काय मागतुयास?"

"ल्हान पाना," आतला आवाज म्हणाला. "आन च्या मिळाला तर बरं हुईल."

बनुबाई मोटारीत बसल्या जागी इतकी हसली की नथ ओठात अडकली. "हरणे, त्येला मिस्त्री म्हणत्यात. त्येला लिंबू नगं दाखवूस, दाढी पिवळी हुईल त्येची."

"हसा, बनुबाई, हसा," हरणाबाई म्हणाली. "वारं काय सोपं न्हाई. कोंडून ठिवलं तर घर जाळतंय. त्येला वाट करून द्यावी लागती."

आत जाफरने मान वर केली. "ह्यो मुद्दा बरोबर हाय बगा, बाई. वाटच करून देतुया." त्याने पंपाशेजारचा एक बारीक स्क्रू सैल केला. "ज्ञानबा, हात मार."

ज्ञानू छोटी दांडी वरखाली करू लागला. स्क्रूच्या तोंडातून आधी फुसफुस झाली, मग फेस आला, फेसातून बुडबुडे, आणि मग स्वच्छ तेलाची धार.

"फेस टाकतंय! बगा, फेस टाकतंय!" हरणाबाईने चिमूटभर कुंकू उधळलं. त्यातलं निम्मं जाफरच्या दाढीवर पडलं, पण मेंदीत ते काही दिसलं नाही.

"चालू कर," जाफर म्हणाला.

घर्र. घर्र. घ... र्र...

काही नाही. उलट खाकरणंसुद्धा आता म्हाताऱ्याचं झालं होतं. बॅटरी उतरू लागली होती.

जाफरने हात पुसले. "कोंडीबा, मागं हुबं ऱ्हा. नळकांड्यातनं धूर येतोय का बग. ज्ञानबा, दाब."

"येतोय?"

"न्हाई."

"काळा?"

"न्हाई."

"पांढरा तरी?"

"आरं मिस्त्री, न्हाई म्हणतोय न्हवं! का मी बिडी वढून सोडू?"

"इवलासा बी धूर न्हाई," जाफर स्वतःशीच म्हणाला. "म्हंजी चूल फुकतोय, पण चुलीत लाकूडच न्हाई." त्याने इंजिनाच्या डोक्यावर जाणाऱ्या एका नळीचा नट सैल केला आणि ज्ञानूला पुन्हा दाबायला लावलं. नळी कोरडी. तिच्यावर बोट फिरवून त्याने ते बोट सगळ्यांना दाखवलं. "पंपापतूर तेल येतंय. पंपातनं फुडं थेंब न्हाई. पंप गेला असंल तर खोलावा लागंल. आन खोलला, तर पुण्याला धाडल्याबगार बसायचा न्हाई."

"आज?" बनुबाईने वरून विचारलं.

"आज कुटलं, आक्का. पंदरा दिस धरा."

बैलांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजली. कोंडीबा तिच्याकडे बघत नव्हता, आणि त्याचाच बनुबाईला राग आला. बघितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तिने अजून पोर बघितलंही नव्हतं. नानासो सांगून गेला होता की कान थेट आपल्या दोघांच्या बापाचे आहेत, पाळी जराशी दुमडलेली. त्या दुमडलेल्या कानाला कुणी चुलत नणंद तोंड लावणार. उतरावं का? बसावं बैलगाडीत? सुली दारात उभी राहील, तोंडाला पदर लावेल, आणि म्हणेल काहीच नाही. ते काहीच न म्हणणं बनुबाईला आत्तापासून ऐकू येत होतं.

तिने एक पाय खाली सोडला.

"थांबा थांबा," जाफर बॉनेटमधून ओरडला. "ज्ञानबा, ते बंद करायचं बोंड आत ढकललंयस न्हवं?"

"पाटंच ढकललं की, अंगुळीला जायच्या आदी."

"तरी बगून घे."

ज्ञानूचे हात तेलात होते. "आई, तुज्या उजव्या गुडग्यापाशी एक काळं बोंड हाय बग. ते भाईर वढलं की तेल बंद हुतंय आन इंजिन मरतंय. ते आत हाय का भाईर?"

बनुबाईने लुगड्याच्या निऱ्या बाजूला केल्या.

काळं बोंड होतं. वीतभर बाहेर आलं होतं. आणि त्याला, खुंटीला टांगावी तशी, तिची पिशवी लटकत होती. पिशवीत नारळ, चांदीचे वाळे, अंगडं-टोपडं आणि घुगऱ्यांसाठी घेतलेले शेर-दोन शेर हरभरे.

बनुबाईने समोर पाहिलं. ज्ञानू इंजिनावर वाकलेला. जाफर आत. कोंडीबा मागे नळकांड्याशी. हरणाबाईचे डोळे मिटलेले. तिने पिशवी अलगद सोडवली, मांडीखाली सारली आणि अंगठ्याने बोंड आत ढकललं.

"आत हाय!" ती म्हणाली.

यात ती खोटं बोलली असं कुणी म्हणू नये. त्या घटकेला बोंड आतच होतं.

पण झालं भलतंच. "आत हाय? मग पंपच गेला," असं म्हणून जाफरने मोठा पाना उचलला आणि पंपाच्या नटाला लावला. ज्ञानू म्हणाला, "मामू, खोला." आता हा खोलला की पंधरा दिवस! बनुबाईच्या तोंडावर आलं की, अरे थांबा, एकदा चालू करून बघा. पण मग विचारतील, का? आत्ता तर चालू होत नव्हती, मग आता काय फरक पडला? आणि हरणाबाई समोर उभी होती. हरणाबाईला कळलं म्हणजे पुढच्या मंगळवारी देवीच्या तोंडून साऱ्या तालुक्याला कळलं.

मोटारीतून एक हुंकार आला.

"हूंऽऽ!"

जाफरचा पाना थांबला. बनुबाईचा अंबाडा सुटला होता. मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नथ गरगरत होती.

"हूंऽऽ! पान्याला हात लावू नगंस, जाफर!"

"आईच्या अंगात आलं!" ज्ञानू म्हणाला.

हरणाबाईचं तोंड उघडं पडलं. "हिच्या? हिच्या अंगात कवापासनं यायला लागलं? आन आज तर मंगळवार बी न्हाई!"

"गप!" वारं गरजलं. "वार मी ठरवीन! पंपाला कुणी हात लावायचा न्हाई! मोटार चालू करा!"

"देवी, बॅटरी गेलीया," ज्ञानू हात जोडून म्हणाला. हात तेलकट होते, तरी जोडले.

वाऱ्याने क्षणभर विचार केला. बॅटरी गेली तर काय करतात, हे देवीला ठाऊक नव्हतं. पण पलटणीत ज्ञानूने काय केलं, ते तिने शंभरदा ऐकलं होतं. "उतारावरनं सोडा! हूंऽऽ! ढकला!"

"उतार लांब हाय, वढ्यापाशी. तितंपतूर एवढं धूड कोन ढकलणार?"

आता कोंडीबा पुढे आला. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस तो. त्याने बायकोच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यातला एक जरासा किलकिला होता. त्याने घसा साफ केला आणि मोठ्या भक्तीने विचारलं, "देवी, बैलं लावू का मोटारीला?"

वारं घुटमळलं. साफ घुटमळलं. मग दात खाऊन म्हणालं, "लावा!"

"आन मोटारीत बसलेल्या बाईनं उतरायचं का?"

"न्हाऽऽई! तिनं बसूनच ऱ्हायाचं!"

"जशी आज्ञा," कोंडीबा म्हणाला, आणि बैल आणायला वळताना त्याचे खांदे हलत होते.

तशी, दिवस कलता कलता, ती मिरवणूक निघाली. पुढे झुली घातलेले बैल, मागे सोलाच्या जाड दोराने बांधलेली मोटार, मोटारीत केस मोकळे सोडलेली बनुबाई, आणि मोटारीमागे वस्तीतली झाडून सगळी माणसं ढकलायला. ओढ्याच्या उतारावर कोंडीबाने बैल सोडवून बाजूला घेतले. मोटार गडगडली. ज्ञानूने गिअर टाकला, पाय उचलला. मोटारीने एक गचका दिला, दुसरा दिला आणि तिसऱ्याला धडधडधडधड करून अशी काही भडकली की मागे ढकलणारे सगळे धुरात गडप झाले. हरणाबाई धुरातून बाहेर आली तेव्हा तिचं कुंकू कुठे आणि नाक कुठे कळत नव्हतं.

"काळा धूर!" जाफर आनंदाने ओरडला. मग तो थबकला. पंप गेला नव्हता. मग तेल येत का नव्हतं? तो विचार करतच पायरीवर चढला. बनुबाई अंबाडा बांधत होती. मांडीखालून पिशवीचा बंद बाहेर आला होता, आणि बंदावर बोंडाएवढं गोल, काळं, तेलाचं वेटोळं उमटलं होतं.

जाफरने ते बघितलं. बनुबाईने त्याला बघताना बघितलं.

"आक्का," तो अगदी अदबीने म्हणाला, "देवीला सांगा, पिशवीला काळं लागलंय."

"सांगते," बनुबाई म्हणाली. "आन देवी तुला सांगतीया, उद्या जेवायला ये. कोंबडं कापणार हाय."

"मग मला काय बी दिसलं न्हाई," जाफर म्हणाला आणि उडी मारून उतरला.

बैल शेजाऱ्याच्या हवाली करून कोंडीबा मागच्या हौद्यात चढला. ज्ञानूने एकच ताकीद दिली, "आई, आता वाटंत कुटं बी थांबायचं न्हाई. बंद पडली तर परत चालू व्हायची न्हाई."

माधवनगरला पोचले तेव्हा गिरणीच्या धुराड्याची सावली रस्त्याच्या पार पलीकडे गेली होती. नानासोची गल्ली आली, आणि गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली. थांबणं भागच होतं. मोटार रुंद, गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

नानासो पळत आला. "आक्का, उतर लवकर! चुलत आत्या पाळण्यापाशी बसलीया. बायका म्हणत्यात, दिवस गेला, नाव ठिवा. आन पोरगं सकाळपासनं नुसतं रडतंय."

बनुबाई जागची हलली नाही. "दारात उतरंन म्हणले हुते मी. दार कुटं हाय?"

"आगं ते काय, पाच घरं सोडून! मोटार कशी जाईल गल्लीत?"

"मग त्यात माजी काय चूक? गल्ली मी बांधली व्हय?"

ज्ञानू कपाळाला हात लावून बसला. इंजिन धडधडत होतं, बंद करता येत नव्हतं. इतक्यात सुलाबाईच आली. नवं लुगडं, चेहरा ओढलेला, खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं पोर, आणि ते पोर कानठळ्या बसतील असं रडत होतं.

"वन्सं, उतरा की. लोकं बगत्यात."

"मोटारीकडं बगत्यात," बनुबाई म्हणाली.

सुलाबाईने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण पोर गप्प झालं होतं. मोटारीची धडधड ऐकत डोळे मोठे करून बघत होतं. सुलाबाईने एक पाऊल मागे घेतलं, तसं ते रडलं. पुढे आली, गप्प झालं. पुन्हा मागे. रडलं. सकाळपासून तिने ओवा दिला होता, शेक दिला होता, दृष्ट काढली होती. ती आणखी पुढे आली, आणखी पुढे, आणि बघता बघता पायरीशी आली.

वरून हात खाली आला. बांगड्या भरलेला, रापलेला. "आण हिकडं. आन तू बी चढ. हात दे."

सुलाबाई चढली. बनुबाई सरकली. पोराच्या कानावरचं टोपडं तिने बोटाने मागे केलं. पाळी दुमडलेली होती, थेट तिच्या बापासारखी. ती वाकली, "कुर्रऽऽ" केलं आणि नाव सांगितलं.

"काय ठिवलं?" सुलाबाईने विचारलं.

"हंबीरराव!"

"गंबीरराव?"

"हंबीर! हंबीर! तुज्या कानात बी सांगू व्हय?"

नाव ठेवलं की आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत. बाकीच्या बायकांचे हात वर पोचत नव्हते. मग सगळ्यांच्या वाटचं एकट्या सुलाबाईने घातलं. मनापासून घातलं. त्या वर्षीच्या रांगोळीसकट, न आलेल्या दिवाळ्यांसकट. बनुबाईची नथ हलली.

"झालं का समाधान?" ती म्हणाली.

"आणखी येक ऱ्हायलाय," असं म्हणून सुलाबाईने तोही घातला, आणि मग दोघी हसायला लागल्या, पोर मध्ये धरून.

"चला, उतरा आता," नानासो खालून म्हणाला. "पंगत खोळंबलीया."

सुलाबाईने खिडक्यांकडे पाहिलं. समोरच्या जोबरीणबाई, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची बायको, कोपऱ्यावरची शिंपीण, सगळ्या बघत होत्या. तिने पदर डोक्यावर घेतला, पोर नीट मांडीवर धरलं आणि समोर बघत म्हणाली, "ज्ञानबा, मोटार हितं वळायची न्हाई. जागा न्हाई. गिरणीच्या फाटकापतूर जाऊन वळवून आणा."

"मामी, ह्या रस्त्याला जागा लय हाय, दोन मोटारी..."

बनुबाईने ज्ञानूच्या मांडीला सणसणीत चिमटा काढला.

"मामी सांगत्यात न्हवं? चल. आन फाटकापाशी भोंगा वाजीव."